लंडनची तिरकी इमारत आणि नौपाड्यातली घाईची सही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘लंडनने केली ती चूक ठाणे करणार?’ असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: लंडनच्या एका राजाने फर्मान काढलं होतं, की सेंट पॉल चर्चचा घुमट लांबून दिसलाच पाहिजे. तेव्हापासून तिथे टॉवर बांधता येत नाहीत. एक टॉवर अर्धा उभा राहिल्यावर कोर्टाने तो तिरका कापायला लावला, शेकडो फ्लॅटधारक रस्त्यावर आले. म्हणूनच तिथे घरं महाग. आता ठाण्यातले ‘हेरिटेजवाले’ मासुंदा तलावावरून येऊरचा डोंगर दिसावा म्हणून तसाच कायदा आणतायत. तेव्हा तो यायच्या आत, याच महिन्यात पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करून मोकळे व्हा.

माझी मावशी नौपाड्यात चार मजली जुन्या इमारतीत राहते. तिच्या सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं चाललंय. तिने हा मजकूर मला पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारलं, “अरे, नवीन बिल्डिंग अर्धी झाल्यावर आपलीही कापतील का रे?” बाई आयुष्यभर शाळेत शिकवत होती, भोळीभाबडी नाही. पण स्वतःच्या घराचा प्रश्न आला की माणूस घाबरतो, आणि हा मजकूर लिहिणाऱ्याला ते नेमकं ठाऊक आहे. एरवी असल्या फॉरवर्डवर मी वेळ घालवला नसता.

आधी ती कापलेली इमारत घेऊ, कारण सगळी भीती तिच्यावरच उभी आहे.

इमारतीचं नाव लेडनहॉल बिल्डिंग. लंडनकर तिला चीझग्रेटर म्हणतात, म्हणजे किसणी, कारण दिसते तशीच. उंची सुमारे २२५ मीटर, मजले ४८, आराखडा रिचर्ड रॉजर्स यांच्या फर्मचा, काम पूर्ण झालं २०१४ मध्ये. पहिली गोष्ट, ही ऑफिसांची इमारत आहे. तिथे फ्लॅटच नाहीत, तर फ्लॅटधारक रस्त्यावर येणार कुठून? दुसरी गोष्ट, तिला कोणी कापलेलं नाही. ती कागदावर होती तेव्हापासूनच तिरकी आहे.

तिरकी का, याचं उत्तर मात्र खरोखर त्या घुमटाशी जोडलेलं आहे. फ्लीट स्ट्रीटवरून पूर्वेकडे चालत निघालात की समोर लडगेट हिलचा चढ लागतो आणि त्याच्या माथ्यावर सेंट पॉलचा घुमट दिसतो. लेडनहॉलच्या त्या प्लॉटवर सरळसोट टॉवर उभा केला असता तर तो नेमका या घुमटाच्या पाठीमागून डोकावला असता. म्हणून आर्किटेक्टनी इमारतीची दक्षिणेकडची बाजू वर जाता जाता उत्तरेकडे झुकवली. प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा ७५ सेंटीमीटरने आखूड. फ्लीट स्ट्रीटवरून पाहिलं तर टॉवर घुमटापासून अंग चोरून उभा असल्यासारखा वाटतो.

आता मजले वर आखूड होत जाणार म्हटल्यावर लिफ्टा नेहमीसारख्या मध्यभागी ठेवून चालत नाही. वरच्या मजल्यावर सगळी जागा त्यांनीच खाल्ली असती. मग लिफ्टा, स्वच्छतागृहं, पाइप आणि केबल यांची सगळी रांग उत्तरेच्या बाजूला एका वेगळ्या कण्यात नेली. इमारतीला तोलणारा पोलादी सांगाडा बाहेरच्या अंगाला आणला, तो काचेतून दिसतो. तळाशी जवळपास सात मजल्यांच्या उंचीची मोकळी जागा लोकांच्या येण्याजाण्यासाठी सोडली. घुमट मोकळा राहावा एवढ्या एका अटीतून ही सगळी रचना निघाली. वरच्या मजल्यांवर भाड्याची जागा कमी झाली हे खरं, पण मालकाने तो हिशेब आधीच करून पैसे घातले होते. कोर्टाचा हातोडा, रडणारी कुटुंबं वगैरे मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातलं.

आणि मजकुरासोबत जोडलेला तो फोटो! खालचे मजले गायब, वरचे हवेत लटकलेले, खाली लाल अक्षरात ‘कोर्टाच्या आदेशाने पाडकाम’. फोटो खरा आहे, पण इमारत वेगळी आहे. त्याच जागी आधी पी अँड ओ कंपनीची जुनी इमारत होती. तिचे मजले मधल्या काँक्रीटच्या कण्यावरून खाली टांगलेले होते, त्यामुळे ती पाडताना खालून वर पाडत न्यावी लागली. पाडकामाचा तो विरळा प्रकार म्हणून बांधकामवाल्यांमध्ये त्याची बरीच चर्चा झाली होती. जुनी इमारत पाडल्यावर नव्या टॉवरचं काम काही काळ थांबलं, हेही खरं. ते थांबवलं २००८ च्या आर्थिक मंदीने. चर्चचा त्यात काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे मंदीत थांबलेल्या किती साइटवर गवत उगवतं ते घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता राजाचं फर्मान. राजा म्हणे आठवा हेन्री. हा हेन्री वारला १५४७ मध्ये. त्याच्या काळातलं जुनं सेंट पॉल १६६६ च्या आगीत गेलं. आज दिसणारा घुमट आर्किटेक्ट ख्रिस्टोफर रेनचा, आणि तो पुरा व्हायला १७१० उजाडलं. म्हणजे राजाने मरणानंतर दीडशे वर्षांनी बांधल्या जाणाऱ्या घुमटाचं दृश्य राखून ठेवलं! गोंधळ कुठून आला ते दिसतं. लंडनच्या नैर्ऋत्येला रिचमंड पार्कमध्ये ‘किंग हेन्रीज माउंड’ नावाचा उंचवटा आहे. तिथे झुडपांच्या भिंतीतल्या फटीतून साधारण १६ किलोमीटरवरचा सेंट पॉलचा घुमट दिसतो, आणि हे दृश्य नियमाने जपलेलं आहे. राणी अ‍ॅन बुलिनचा १५३६ मध्ये शिरच्छेद झाला, त्याचा इशारा पाहायला हेन्री तिथे उभा होता अशी दंतकथा सांगतात. त्या दंतकथेचं या लेखकाने फर्मान करून टाकलं.

खरी सुरुवात बरीच अलीकडची आणि बरीच रुक्ष आहे. १९३३ मध्ये फॅराडे बिल्डिंग नावाचं टेलिफोन एक्स्चेंज उभं राहिलं आणि थेम्स नदीकडून दिसणारा सेंट पॉल झाकला गेला. कॅथीड्रलच्या देखभालीचे प्रमुख गॉडफ्रे अ‍ॅलन यांनी आजूबाजूला कुठे किती उंची चालेल याचे आकडे काढले. १९३८ पासून शहराचा कारभार ते आकडे पाळू लागला, तेही आधी समजुतीने, कायदा म्हणून नाही.

‘म्हणून लंडनमध्ये टॉवर होत नाहीत’ हा मुद्दा तर एका वाक्यात संपतो. द शार्ड ३१० मीटर, ट्वेंटीटू बिशप्सगेट २७८ मीटर. गूगलवर शोधायला दहा सेकंद लागतात.

नियम नेमका काय आहे ते मात्र सांगायला हवं, कारण नवा मजकूर बनवणारा पुन्हा त्याच्यावरच खेळणार. लंडनच्या महापौरांनी मार्च २०१२ मध्ये ‘लंडन व्ह्यू मॅनेजमेंट फ्रेमवर्क’ हे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. कोणालाही फुकट वाचता येतं, आणि मी इथे सगळ्यात जास्त त्याच्याच भरवशावर बोलतोय. त्यात शहरातली २७ दृश्यं नेमली आहेत. त्यातल्या १३ रेषा कडक संरक्षणाच्या आहेत आणि त्या सेंट पॉल, संसद आणि टॉवर ऑफ लंडन या तीन वास्तूंकडे जातात. माणूस कुठे उभा राहून पाहतो ती जागा नकाशावर पक्की, तिथून घुमटापर्यंतचा पट्टा पक्का आणि त्या पट्ट्यात समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत बांधता येईल तेही पक्कं. पट्ट्याच्या आत उंची ओलांडली तर नकार. पट्ट्याच्या कडेला आणि मागे असाल तर दृश्य बिघडतं का याचा विचार आणि सल्लामसलत. पट्ट्याबाहेर या नियमाचा तुमच्याशी संबंध नाही. लंडनच्या ‘सिटी’ नावाच्या जुन्या व्यापारी भागातले टॉवर पूर्वेकडे एका घोळक्यात दाटीने उभे दिसतात, त्याचं मोठं कारण हेच: या रेषांना चुकवून जिथे जागा उरते तिथे ते वर जातात.

उलट तक्रार करायची तर नियम गळका आहे अशी करा. उत्तर लंडनमधल्या पार्लमेंट हिल या टेकडीवरून पाहिलं तर शार्ड सेंट पॉलच्या पाठीशी उभा दिसतो. आक्षेप घेतले गेले, चौकशी झाली आणि २००३ मध्ये सरकारने परवानगी दिली. २०१६ मध्ये तर त्याच हेन्रीच्या उंचवट्यावरून घुमटामागे स्ट्रॅटफर्डचा ४२ मजली टॉवर डोकावू लागला. घुमटाच्या कित्येक किलोमीटर पलीकडचा, रीतसर परवानगीचा. लोक चिडले. टॉवर आहे तिथेच आहे.

घरांच्या किमतीचा मुद्दा अर्धा मान्य करतो, नाइलाजाने. उंचीवर बंधन घातलं की जागा कमी निर्माण होते आणि कमी जागा महाग होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे पॉल चेशायर यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ ब्रिटनच्या नियोजनावर ही टीका कित्येक वर्षं करत आलेत. कॅनडातल्या व्हॅंकूवर शहराने समोरचे डोंगर दिसत राहावेत म्हणून १९८९ पासून दृश्यपट्टे राखले. घरांच्या टंचाईपायी २०२४ मध्ये त्यातले काही नियम सैल केले. म्हणजे दृश्याची किंमत मोजावी लागते, आणि ती कोण मोजतो यावर भांडायला हरकत नाही. पण सिटीतले ते टॉवर मुख्यतः ऑफिसांचे आहेत. लंडनच्या घरभाड्यांचं सगळं खापर एका घुमटावर फोडणं म्हणजे निव्वळ आळस.

आता ठाणे. आपल्याकडे बांधकाम चालतं ते डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, बिल्डर आणि आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. मासुंद्यावरून येऊर दिसावा म्हणून टॉवर अडवणारं कलम तिच्यात नाही. वारसा यादीत नाव असलेल्या वास्तू आणि परिसर यांच्यासाठी आकाशरेषा जपायची तरतूद आहे. ती यादीपुरतीच, तुमच्या गल्लीला लागू नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, तो कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटरपर्यंत पसरलाय. येऊरच्या पायथ्याशी प्लॉट असेल तर तो जरूर तपासा. पण तो जंगलासाठी आहे, बाल्कनीतून डोंगर दिसावा म्हणून नाही.

गंमत म्हणजे नजरेच्या रेषेसारखीच हवेतली रेषा आखून उंची ठरवणारा नियम आपल्या शेजारी आहे आणि त्याच्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही. नवी मुंबईत विमानतळाभोवती उंच बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. धावपट्टीपासून निघणाऱ्या काल्पनिक तिरक्या पृष्ठभागाच्या वर इमारत जाता कामा नये. मुंबईत विलेपार्ले, कुर्ल्याच्या लोकांना ‘फनेल’, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा पट्टा, हा शब्द पाठ आहे. उलव्यात तर विमानतळासाठी आख्खी टेकडी फोडली. दृश्य वाचवायला निघालेले भयंकर ‘हेरिटेजवाले’ तेव्हा कुठे होते कोण जाणे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात वाईट: ‘याच महिन्यात सही करा’. सोसायटीच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात दिलेली आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली. विशेष सर्वसाधारण सभा, आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, त्याचा व्यवहार्यता अहवाल, निविदा, आणि विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी, व्हिडिओ चित्रीकरणासह. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. दारोदार फिरून कोऱ्या-अर्धकोऱ्या कागदांवर गोळा केलेल्या सह्यांना यात कुठेही जागा नाही. कागद घेऊन येणारा माणूस लंडनचं नाव घेऊ लागला तर त्याला व्यवहार्यता अहवाल मागा, आणि त्या अहवालात समोरचा रस्ता किती मीटर धरलाय ते आधी बघा. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि नौपाड्याच्या गल्ल्यांमध्ये मजले अडतात ते तिथे.