साओ टोमे सहलीवरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

डिसेंबरमध्ये तुम्ही आणि तुमच्या आई आमच्यासोबत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या साओ टोमे बेटावर आलात. परतल्यावर पाचपैकी दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बेटावर बघण्यासारखं काही नाही. ज्या सुळक्याचा एवढा गाजावाजा, तो ढगांमुळे दिसला नाही, आणि तसे सुळके सह्याद्रीत ढिगाने आहेत. तळं दाखवतो म्हणून डोंगर चढायला लावला, वर पाण्याचा थेंब नव्हता. रोलास बेटाची बोट ऐनवेळी रद्द झाली. वाटाड्याला पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं. कासव दाखवलं, पण फोटो काढू दिला नाही. एवढ्या पैशात मालदीव झालं असतं.

हे वाचून पुढचे लोक जायचं की नाही ते ठरवतील, म्हणून मीही इथेच, सगळ्यांसमोर उत्तर देते आहे.

आधी बोटीचं. रोलास हे मुख्य बेटाच्या दक्षिणेला असलेलं छोटं बेट. विषुववृत्त त्याच्यावरून जातं आणि तिथे जमिनीवर जगाचा नकाशा काढलेलं स्मारक आहे. जाणाऱ्या बोटी लहान आणि उघड्या असतात. त्या सकाळी लाटा वाढल्या होत्या आणि बोटवाल्याने नाही म्हटलं. समुद्रात बोट घालायची की नाही हे त्यानेच ठरवायचं, पुण्यात बसून मी नाही. बोटीचे पैसे आम्ही प्रत्येकाला सहलीतच परत केले. स्मारकावर उभं राहायचं राहून गेलं याची हळहळ मला समजते, पण त्या दिवशी परिस्थिती तशीच असती तर पुन्हाही हाच निर्णय झाला असता.

आता सुळका. पिको काओ ग्रांदे समुद्रसपाटीपासून 663 मीटर उंच आहे आणि पायथ्याच्या रानातून 300 मीटरहून जास्त सरळ वर जातो. तो ज्या दिवशी दिसत नाही त्या दिवशी वाईट वाटतंच, मलाही वाटतं. पण 'असे सुळके सह्याद्रीत ढिगाने आहेत' हे वाक्य मी तसंच सोडू शकत नाही. मी स्वतः सह्याद्रीत वाढलेली आहे आणि लिंगाण्यावर माझा जीव आहे. आपले सुळके थरांचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, मग पावसाने आणि वाऱ्याने आजूबाजूचं कापून नेलं आणि मधला भाग उभा राहिला. काओ ग्रांदेची गोष्ट वेगळी आहे. तिथे ज्वालामुखी होता. त्याच्या नरड्यात वर येणारा शिलारस आतच थिजला आणि फोनोलाइट नावाचा टणक दगड झाला. बाहेरचा ज्वालामुखी ठिसूळ होता, तो झिजून गेला. आज दिसतो तो आतला गाभा. म्हणजे तिथे उभे राहून आपण एका डोंगराचं पोट बाहेरून बघत असतो. सह्याद्रीत मला असं दृश्य कुठेही मिळालेलं नाही.

आणि तो झिजला कशाने, तर ज्या ढगांबद्दल तुम्ही तक्रार केलीत त्यांच्याच पावसाने. नैऋत्येकडून येणारे ओले वारे बेटाच्या डोंगररांगेला अडतात आणि दक्षिणेकडे वर्षभरात 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला मात्र पाऊस 1,000 मिलिमीटरच्या आसपासच, म्हणून तिथे वाळलेलं गवत आणि गोरखचिंचेची झाडं दिसतात. लागोआ आझुलच्या निळ्या पाण्यात तुम्ही मनसोक्त पोहलात, तो याच कोरड्या बाजूचा किनारा. बेटाचं क्षेत्रफळ जेमतेम साडेआठशे चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत ही दोन हवामानं आहेत, आणि काळ्या ढगांखालून निघून दुपारी कोरड्या उन्हात पोचता येतं. आमच्या गटातल्या बहुतेकांनी याचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं.

या ढगांनी तुम्हालाच अडवलं असं नाही. शेजारच्या प्रिन्सिपे बेटावर, रोसा सुंदी नावाच्या मळ्यात, 29 मे 1919 रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घ्यायला थांबले होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे वाकतो का, हे तपासायचं होतं. सकाळी धो-धो पाऊस झाला आणि ग्रहण लागलं तेव्हाही ढग होते. फोटोच्या 16 काचा त्यांनी टिपल्या, त्यातल्या दोनच मोजमापाच्या कामाला आल्या.

तळ्याबद्दल. लागोआ अमेलिया हे ज्वालामुखीचं विवर आहे आणि त्यातलं पाणी वनस्पतींच्या जाड थराखाली झाकलेलं आहे. पाय ठेवला की जमीन हलते, म्हणून तिथे वाटाडे कडेकडेने नेतात. आमच्या माहितीपत्रात 'हिरवळीने झाकलेलं विवर' असंच लिहिलं आहे, 'तळं' हा शब्द आम्ही वापरलेला नाही. पण खरं सांगू का, तिथे पाणी शोधत राहिलं की बाकीचं हातचं जातं. त्या वाटेवर माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे बिगोनिया आहेत, आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत असतात त्याच कुळातले. तिथे जगातला सर्वांत मोठा शिंजीर पक्षी आहे. हे बेट कधीही आफ्रिकेच्या जमिनीला जोडलेलं नव्हतं. समुद्रातून वर आलं तेव्हा नुसता दगड होता, आणि जे काही आलं ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पंखांवर आलं. पोचलेल्या थोड्या जीवांना इथे मोकळं रान मिळालं आणि ते वेगळे होत गेले, काही मोठे झाले. या दोन बेटांवर मिळून पंचवीसहून जास्त पक्षी असे आहेत जे पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. दक्षिणेकडच्या रानात राहणारी बुटकी शराटी त्यातलीच, आणि ती आता अगदी थोडी उरली आहे. शिंजीर तुमच्या गटातल्या दोघांच्या फोटोंत आहे. तुम्ही तेव्हा पुढे निघून गेला होतात.

तुमच्या आई त्या दिवशी चढल्या नाहीत आणि खाली बोम सुसेसोच्या वनस्पती उद्यानात थांबल्या. 'आईचा दिवस फुकट गेला' असं तुम्ही लिहिलंय. आमच्या सहल-प्रमुख त्यांच्यासोबत थांबल्या होत्या. दोघींनी तिथल्या ऑर्किडच्या वाफ्यांपाशी बराच वेळ घालवला आणि माळीदादांकडून खाणाखुणांनी एकेका झाडाची माहिती घेतली. हे एकदा त्यांनाच विचारून बघा, एवढीच विनंती.

वाटाड्याच्या भाषेची अडचण खरी आहे आणि म्हणूनच आमची माणसं सोबत असतात, दुभाषाचं काम करतात. तरीही मी इंग्रजी बोलणारा शहरातला माणूस न घेता रानाजवळच्या गावातलाच वाटाड्या घेते. याचं कारण सांगते. 2022 साली प्रिन्सिपे बेटावरच्या एका घुबडाची नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली. त्याच्या शास्त्रीय नावात 'बिकेजिला' आहे. हे सेसिलियानो दो बोम जेझुस यांचं टोपणनाव. ते पूर्वी रानातून पोपट पकडून आणायचे, नंतर उद्यानाचे रक्षक झाले. रानातल्या त्या घुबडाच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. शास्त्रज्ञांना ज्याची गरज पडते ते ज्ञान याच लोकांकडे आहे. आमच्या सहलीचे पैसे त्यांच्या घरी पोचावेत, यावर मी तडजोड करणार नाही.

आणि कासवं. हा भाग वाचून मला सर्वांत जास्त लागलं. 'एवढ्या लांब आणलं आणि अंधारात बसवून ठेवलं' असं तुम्ही लिहिलंत. प्राया जालेच्या किनाऱ्यावर कासविणी रात्री वर येतात. वाळूवर प्रकाश दिसला किंवा माणसाची हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच समुद्रात परत जाते. म्हणून लाल दिवा, तोही मागच्या बाजूने, आणि फक्त रक्षक सांगेल तेव्हाच. फ्लॅश तर नाहीच. वेळासला किंवा आंजर्ल्याला गेलेल्यांना हे नियम नवे नाहीत. आपल्या कोकणात येणारी ऑलिव्ह रिडले साओ टोमेच्या किनाऱ्यावरही येते. तिच्याशिवाय तिथे हिरवी कासवं, चोचीची हॉक्सबिल आणि प्रचंड मोठी लेदरबॅकही येतात. तुम्ही ज्या हिरव्या कासविणीला पाहिलंत तिने खड्डा खणला, अंडी घातली, वाळूने झाकली आणि ती परत गेली. तुमच्या फोटोसाठी तिला अडवलं असतं तर त्या रात्री ती काहीच न करता फिरली असती.

त्या देशात कासवाचं मांस आणि अंडी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जात. 2014 पासून कायद्याने बंदी आली. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांत आधी कासवं पकडणारेही आहेत. आपल्याकडचे कासवमित्र जे काम करतात तेच हे लोक करतात. त्यांनी फोटोला नाही म्हटलं तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहतो, पाहुण्यांच्या विरोधात जावं लागलं तरी. या एका मुद्द्यावर एखादा तारा कमी झाला तरी चालेल.

रस्ते खराब आहेत, वीज जाते, शाकाहारी जेवणात तेच ते येतं: भाजलेला नीरफणस, केळी, घेवडा, भात. हे सगळं नोंदणीच्या आधीच्या पत्रकात ठळक लिहिलेलं आहे आणि पुढेही राहील.

मालदीवचं म्हणाल तर ज्यांना पांढरी वाळू, पाण्यावरची खोली आणि पाण्यातले खेळ हवेत त्यांनी मालदीवलाच जावं. आम्ही तिकडच्या सहली करत नाही, पण करणाऱ्या चांगल्या लोकांची नावं फोनवर सांगू. साओ टोमेच्या किनाऱ्यावर काळा ज्वालामुखी दगड आहे. बोका दो इन्फेर्नोला लाट त्या दगडातल्या बोगद्यात शिरून फवाऱ्यासारखी वर उडते, तिथे कुणी पोहत नाही.

आता जे लोक जायचा विचार करत आहेत त्यांच्यासाठी. सुळका स्वच्छ दिसण्याची शक्यता जून ते सप्टेंबर या कोरड्या दिवसांत जास्त असते. साधारण जुलैनंतर कुबडे देवमासेही किनाऱ्याजवळ येतात. पण तेव्हा कासवांचा हंगाम नसतो. कासवांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा पाऊस व ढग असणारच. तुम्ही नोंदणी करताना फोनवर हे बोलणं झालं होतं आणि कासवं हवीत म्हणून डिसेंबर निवडला होता. पुढच्या नोंदण्यांमध्ये हा प्रश्न आम्ही अर्जातच छापत आहोत: सुळका हवा की कासव? दोन्ही एकाच सहलीत मिळतील असं कुणालाही सांगितलं जाणार नाही.

तुमच्या गटातल्यांनी काढलेले शिंजिराचे फोटो त्यांच्या परवानगीने तुमच्या मेलवर पाठवले आहेत. आईंना नमस्कार सांगा.