उशिरा फुटलेली हंडी

ठाण्यात राहून दहीहंडी टीव्हीवर बघणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला व्हॉट्सअ‍ॅपवर नमस्कार करणं. पण माझ्या गुडघ्याने असहकार पुकारला होता, बाहेर पाऊस होता आणि डोंबिवलीहून ताईचा सकाळपासूनचा चौथा फोन येऊन गेला होता. "अरे, बंड्या दुसऱ्या थरात आहे. लाइव्ह दाखवणारेत. आमच्याकडे लाइट नाही, तू रेकॉर्ड करून ठेव." बंड्या माझा भाचा. वजन बघता त्याच्यावर अख्खी सोसायटी उभी राहील, तेव्हा पथकाने माणूस बरोबर हेरला होता.

हंडी आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी सेट-टॉप बॉक्सच्या खोक्याला पेनड्राइव्ह खोचून बसलो. टीव्हीवर थर चढत होते, सगळ्यात वरचं पोर अजून खालच्याच्या खांद्यावर गुडघा टेकत होतं आणि खिडकीतून एकदम आरोळी आली, "गोविंदाऽऽ!" मागोमाग ढोल-ताशे.

"फुटली वाटतं," बायको म्हणाली.

"अजून फुटायचीय," मी टीव्हीकडे बोट दाखवलं. सात-आठ सेकंदांनी फुटली. आयुष्यात पहिल्यांदा मला भविष्य कळलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

यात उपग्रहाचा दोष फारसा नाही. तो बिचारा सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, पण तिथे जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंद पुरतो. जागेवरून प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनपासून आमच्या गच्चीवरच्या तबकडीपर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या धरल्या तरी सेकंद भरत नाही. वेळ जातो घड्या घालण्यात. साधं, एचडी नसलेलं चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागतात, आणि वाहिनीच्या वाट्याला येतात त्यातले जेमतेम दोन-तीन. म्हणून २००३ साली आलेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीने ते चेपतात. काही चित्रं पूर्ण पाठवायची, ती 'आय'. काही म्हणजे नुसता निरोप, 'मागच्यासारखंच, फक्त हात हलला', ती 'पी'. आणि 'बी' चित्रं मागचं-पुढचं दोन्ही बघून बनतात. आता पुढचं बघायचं म्हणजे ते घडेपर्यंत थांबणं आलं. शिवाय वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर थोडं साठवून मगच पुढे पाठवतात.

रात्रीच्या मालिका या पद्धतीसाठीच जन्माला आल्यात. सून लाटणं घेऊन उभी, सासू दारात उभी, तीन मिनिटं कुणाची पापणी हलत नाही. 'मागच्यासारखंच' एवढं कळवलं की काम झालं. (कथानकही त्याच तत्त्वावर चालतं.) दहीहंडी म्हणजे उलटी तऱ्हा. पाण्याचे फवारे, उडणारे कागदाचे कपटे, हजार हात हजार दिशांना. दोन-तीन मेगाबिटांत काय काय सांगणार? मग यंत्र बारकावे सोडून देतं आणि माणसांच्या चौकोनी वड्या पडतात.

तेवढ्यात पावसाने जोर धरला. अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या या लहरी मुसळधार पावसात विरतात. सिग्नल गळायला लागला आणि त्यात नेमकं एक 'आय' चित्र गेलं. इथे सगळं हंडीचंच गणित असतं. 'आय' खालचा थर, 'पी' आणि 'बी' त्याच्या खांद्यावर. खालचा बसला की वरचे सगळे आडवे, आणि पुढचं 'आय' येईपर्यंत कोणी उठत नाही. त्याच क्षणी कॅमेरा बंड्यावर गेला. त्याचा कान एका चौकोनात, हनुवटी दुसऱ्यात, आणि कपाळावर आधीच्या दृश्यातला आमदारांच्या बॅनरचा तुकडा. मग आमच्याकडचीही लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन डोंबिवलीला. ताईच्या टीव्हीने फाइलच्या नावातलं शेवटचं 'टीएस' बघितलं आणि 'फॉरमॅट चालत नाही' म्हणून हात वर केले. भावोजी म्हणाले, "टीएस खोडून एमपी४ लिहा." लिहिलं. टीव्ही ढिम्म. आमच्या घरी श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते, पण म्हणून कोणी ती पोळीशी खात नाही.

शेवटी शेजारची कॉलेजातली मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "काका, आतला व्हिडिओ या टीव्हीला चालतो. नुसता डबा चालत नाहीये."

तो डबा, म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, मला तिने समजावला. मी मात्र तो माझ्यापुरता ठाणे स्टेशनात बसवून घेतला. सगळ्या वाहिन्यांचं चित्र आणि आवाज १८८-१८८ बाइटांच्या पुड्यांत, एकाच रुळावर एकामागोमाग. प्रत्येक पुडीवर क्रमांक. कसारा, कर्जत, अंबरनाथ सगळं येतंय, आपण आपलीच धरायची. कोणता क्रमांक कुणाचा हे सांगणारा इंडिकेटर सेकंदाला अनेकदा लागतो, कारण प्रवासी कधीही येऊन उभा राहणार. म्हणूनच लाइट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत होतं. एमपी४ची अनुक्रमणिका बरेचदा शेवटी लिहितात. ती लिहायच्या आत लाइट गेली असती तर फाइल भरलेली, पण उघडायची सोय नाही.

तिने आतल्या व्हिडिओच्या घडीला हात न लावता नुसता डबा बदलला. नवा डबा एमकेव्ही, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून नाव पडलेला. दहा सेकंदही लागले नाहीत. आदल्या रात्री लाइट आल्यावर मी त्याच फाइलवर कुठलासा कन्व्हर्टर तीन तास चालवला होता, हे तिला सांगितलं नाही.

फाइल लागली. ढोल, गर्दी, बॅनर, आणि बंड्या. म्हणजे हिरव्या-करड्या रंगाचे सहा चौकोन.

ताईने चित्र थांबवलं, चष्मा पुसला आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सरावापायी किती वाळलंय पोर!"