तो आकाशगंगेचा ‘फोटो’ नाहीये – खुलासा

“गाया दुर्बिणीने आकाशगंगेच्या बाहेर जाऊन काढलेला फोटो” म्हणून ते भोवऱ्यासारखं चित्र सगळीकडे फिरतंय, परवा मीही घाईत टाकलं, चूक झाली. गाया ही युरोपियन स्पेस एजन्सीची अंतराळ दुर्बीण, आणि एजन्सीने स्वतःच ते चित्रकाराने काढलेलं चित्र म्हणून दिलंय, गायाच्या मोजमापांवरून केलेलं. आणि गाया होती पृथ्वीपासून साधारण १५ लाख किमीवर, आकाशगंगेचा व्यास १ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, बाहेर जाणार कशी!

मुळात तिचं डिझाइन देखण्या फोटोंसाठी नव्हतंच, ताऱ्यांच्या जागा मोजायला होतं. १०६.५ अंशांच्या कोनात बसवलेल्या दोन दुर्बिणी, दोन्हींचा प्रकाश एकाच कॅमेऱ्यावर, यान ६ तासांत एक गिरकी घेणार आणि तारे सेन्सरवरून सरकत जाणार. ताऱ्यांच्या जागा याच कोनाच्या हिशोबाने मोजायच्या, त्यामुळे तो नकळत जरा जरी हलला तरी सगळं मुसळ केरात, म्हणून आरसे नि सांगाडा सिलिकॉन कार्बाइडचा, तापमानाने फार कमी आकुंचन पावणारा, आणि वर लेझरने कोनावर सतत पहारा (मला तर चित्रापेक्षा हेच भारी वाटतं).

मी माझी पोस्ट काढलीये. तुम्ही पुढे पाठवली असेल तर डिलीट करा, नाहीतर निदान “हे चित्र आहे” एवढं तरी खाली लिहा.