‘विमा काढायला काय होतं?’

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी टाकली. त्याखाली एका काकांनी लिहिलं, "आता कोकणातले हॉटेलवाले परत सरकारपुढे हात पसरणार. सीझनला खोलीचे वाट्टेल ते पैसे घेतात, मग विमा काढायला काय होतं?" त्यावर धडाधड अंगठे पडले. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

काढला होता हो विमा! माझ्या मामेभावाचा होता. दिवेआगरला त्याची खानावळ आहे, मागे राहायच्या खोल्या. तुमच्यातले निम्मे लोक तिथे जेवून आलेत. ताम्हिणी चढायच्या आधीच वहिनीला फोन जातो, "आठ जण आहोत, दोघं शाकाहारी, आणि मोदक हवेतच." ती कधी नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटरचा होता. खोल्यांचे पत्रे उडाले, जेवणाचा मांडव गेला, आणि आजोबांच्या वेळची नारळ-सुपारीची वाडी आडवी झाली. लॉकडाऊनमुळे मे महिन्याचा सीझन आधीच बुडालेला. गिऱ्हाइकांना विकायला केलेला सगळा माल घरातच पडून होता, तो भिजला.

बऱ्याच दिवसांनी विमा कंपनीकडून नुकसान मोजायला सर्व्हेअर आला. वहिनीने एकेक डबा आणून त्याच्यापुढे ओळीने मांडला. फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड. झाकण उघडलं की बुरशीचा वास. त्याने आत न बघताच विचारलं, "ह्याचं बिल आहे?"

फणस परसातला, रातांबे वाडीतले, हात तिचे. बिल कोण देणार?

मान्य, तो माणूस त्याचं काम करत होता, त्याला कागद लागतो. पण ज्या धंद्यात निम्मा माल घरातच तयार होतो, त्याला विमा विकताना हे कुणी सांगायचं? दादाला पॉलिसी विकायला कुणी आलंच नव्हतं मुळी. खोल्या बांधायला कर्ज काढलं, तेव्हा बँकेनेच पॉलिसी काढली, हप्ता खात्यातून कापला आणि कागद स्वतःच्या फायलीत ठेवला. दादाने तो पहिल्यांदा वाचला तो वादळानंतर. त्यात फक्त इमारत होती, तीही कर्जाच्या रकमेपुरती. मालाचं नावच नव्हतं, म्हणजे बिल असतं तरी उपयोग नव्हता!

आणि ‘कर्जाच्या रकमेपुरती’ म्हणजे काय ते काकांनी समजून घ्यावं. वीस लाखांच्या मालमत्तेचा विमा दहाचाच असेल आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर चार मिळत नाहीत, दोनच मिळतात. उरलेल्या निम्म्या जोखमीची विमा कंपनी तुम्ही स्वतः, असा तो हिशोब. बँकेचं कर्ज सुरक्षित. दादाचं काय?

मांडव झावळ्या-बांबूचा, म्हणून ‘कच्चं बांधकाम’. ते पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं, त्याचा दरही जास्त. वाडी तर इमारतीच्या पॉलिसीत येतच नाही. अहो, पण लोक तिथे त्या सावलीसाठीच येतात ना? पुण्यातून उठून सिमेंटच्या खोलीत झोपायला कोण जातं? नवीन माडाला नारळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. पडलेली झाडं कापून बाहेर काढायला मशिनवाल्याने मोजून पैसे घेतले. आणि जुन्या पॉलिसीत ढिगारा हटवायला मिळायचा तो मंजूर क्लेमच्या एक टक्का, तोही विमा असलेल्या वस्तूंच्याच ढिगाऱ्याला.

बुडालेल्या धंद्याचं तर बोलायलाच नको. नफ्याच्या नुकसानीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, तिला मागच्या वर्षांचे नीट हिशोब लागतात. वहिनीचा हिशोब कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला असतो. दिवाळी, नाताळ, मे, एवढ्यावर वर्ष चालतं. त्यातला एक सीझन गेला की मुलांच्या फीपासून सगळं अडतं.

आता थोडं शांतपणे लिहिते. 1 एप्रिल 2021 पासून नियम बरे झालेत. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी आली. विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी क्लेम कापत नाहीत. चांगलं आहे. आणि हो, सगळेच हॉटेलवाले साधे नाहीत, काहींनी परवानगीशिवाय थेट पुळणीवर बांधकामं ठोकलीत, त्यांची बाजू मी घेत नाही.

पण एक सांगा. त्याच कोकणात आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. अवकाळी पाऊस, वारा, तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की हवामान केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरते. त्यातही केंद्र लांब असतं, पैसे उशिरा येतात, बागायतदार ओरडत असतात, ठाऊक आहे मला. तरी तत्त्व बरोबर आहे. वारा अमुक वेगाच्या वर गेला की किनाऱ्यावरच्या खानावळींना ठरलेली रक्कम थेट खात्यात, हे का नाही होऊ शकत? वेग हवामान खातं मोजतंच की. मग वहिनीला कुणापुढे बुरशीचे डबे मांडावे लागणार नाहीत.

आणि हप्त्यावर 18 टक्के जीएसटी! आपल्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 2025 मध्ये काढला, आनंदच आहे. पण खानावळीच्या विम्यावर तो आहेच, आणि जेवणावर पाच टक्के जीएसटी लावणाऱ्याला हप्त्यावर भरलेला कर कुठून वळताही करून मिळत नाही. वादळाच्या वाटेवर बसलेल्या माणसाने विमा घ्यावा अशी खरंच इच्छा असेल, तर हे आधी काढा.

दादाचा क्लेम शेवटी मिळाला, पत्र्यांचे पैसे निघतील एवढा. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला विमा लोकपाल असतो, छोट्या धंदेवाल्यांना तिथे फुकट दाद मागता येते, पण कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत. हे त्याला ना बँकेने सांगितलं, ना सर्व्हेअरने. आम्हाला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

आता त्याच्या पॉलिसीचं रिन्यूअल आलंय. माझ्या यादीत विमा कंपन्यांत काम करणारे, सर्व्हेअर, सीए बरेच आहात. एका रविवारी त्याच्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसून मांडव, भांडी, फ्रीजर, घरात केलेला माल ह्यातलं काय पॉलिसीत घेता येतं आणि त्याला कुठला कागद लागतो, हे नीट मराठीत समजावून सांगणारं कुणी आहे का? शेजारचे तीन-चार खानावळवालेही ऐकायला येतो म्हणालेत. मेसेज करा, मी वेळ जुळवते.