कॅम्प संपल्यावरचं काम

इंटर्नशिपला असताना धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला गेलो होतो. आमच्यातल्या एकालाही भिली येत नव्हती. अकरावीतली एक मुलगी दिवसभर आमच्यासाठी बोलत होती. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे मी दोन वाक्यांत सांगून मोकळी व्हायचे. ती मात्र बायांसमोर जमिनीवर बसायची, चार खडे मांडायची, एक बाजूला सरकवायची आणि निवांत बोलायची. बाया तिला उलट प्रश्न विचारायच्या. मला एकीनेही विचारला नाही.

निघताना तिने विचारलं, "ताई, डॉक्टर व्हायला काय करावं लागतं?"

"खूप अभ्यास कर," म्हणाले आणि गाडीत बसले.

ते उत्तर अजून टोचतं मला. अभ्यास तर ती करतच होती. मेडिकलची प्रवेशपरीक्षा 'नीट' मराठीतून देता येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, हेही नाही. माझ्या घरी हे सगळं बाबांनी केलं. तिच्या घरी कोण करणार?

म्हणून मेडिकलच्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कॅम्प कराच, पण एका तरी मुलाचा हात धरा आणि दोन-तीन वर्षं सोडू नका. आता अभ्यासक्रमातच गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. आपण जातो, बीपी मोजतो, लॉगबुकवर सही घेतो. त्या घरात दहावी-बारावीचं लेकरू आहे का, ते पुढे काय करणार आहे, हेही विचारा ना! पुण्यात बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट सुरू केलं. मेडिकलचीच मुलं नीटची तयारी करून घेतात, मेळघाटातल्या आदिवासी मुलांनाही शिकवतात. म्हणजे हे होतं, आपल्याच वयाची मुलं करतात.

शिक्षकांकडून नंबर मिळवून मी तिला फोन केला, तोवर चार महिने गेले होते. रेंजसाठी ती संध्याकाळी टेकडीवर यायची. फिजिक्स जमत गेलं. अडलं ते कागदांवर. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि तिच्या घरात आजोबासुद्धा शाळेत गेलेले नाहीत. शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग कुणीतरी कोतवाल बुकाचं सुचवलं, म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही. तहसीलला तीन चकरा झाल्या. पानं मोडी लिपीत, म्हणून मोडी वाचणारे एक आजोबा गाठले.

त्यांनी बोट ठेवून वाचलं: तिच्या पणजोबांचं नाव, पुढे 'मुलगा झाला', जातीच्या रकान्यात 'भिल्ल'. तिने ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग घरी फोन लावला आणि आजोबांना त्यांची जन्मतारीख सांगितली.