नुसतं पाणी पुरत नाही

एका लेखात म्हटलंय की भरपूर पाणी घातलं की थंड वर्षावनातली झाडंही ब्रिस्बेनच्या बागेत रुळतात. मला नाही पटलं. मी अंटार्क्टिक बीच या तिथल्याच एका झाडाची दोन रोपं लावली होती. पहिलं पश्चिमेच्या भिंतीलगत. फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, माती ओली असूनही कोवळी पालवी कडेकडेने करपत गेली आणि रोप गेलंच. हे झाड ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडच्या स्प्रिंगब्रुक-लॅमिंग्टनच्या धुकट डोंगरमाथ्यांवरचं. त्याला गार रात्री हव्यात, आणि आपल्याकडे ब्रिस्बेनला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमानच २१ अंशांच्या आसपास! दुसरं दक्षिणेला (इथे ही बाजू कमी उन्हाची), लिलीपिली या सदाहरित झाडाच्या सावलीत, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर देऊन लावलं. चार वर्षांत जेमतेम कमरेएवढं झालंय, पण तगलंय. सप्टेंबरात तांबूस पालवी फुटली, तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर आधी तीच दाखवली.