येणे बाकी चार

कोल्हापुरात पेठेतल्या मंडळाचा खजिनदार होण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. वर्गणी मागायला सगळे येतात, हिशेब मांडायला मी एकटा. पतसंस्थेत कारकून आहे, एवढ्या एका गुन्ह्यावर मला हे पद मिळालं. पण गणपतीचा हिशेब परवडला. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की ह्याच पदावर मला साखळी सामन्यांचे गुण, गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले) आणि 'कोण हरलं तर कोण जातं' हे मांडावं लागतं. १ डिसेंबर २०२२ च्या रात्री मी ज्या तोंडानं चार देशांचं खतावणीचं पान वाचलं, त्या तोंडाला अजून चव आलेली नाही.

बाहेरगावच्या माणसाला आधी एक सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल हा टीव्हीवरून आलेला खेळ नाही. इथे तालमींच्या टीमा आहेत. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना शाहू स्टेडियमवर लागला की अर्ध्या गावाला त्या दिवशी ताप येतो. आमच्यातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तेव्हा तर प्रत्येकाच्या घरचाच पोरगा खेळायलाय असं वातावरण होतं. त्यामुळे वर्ल्ड कपमध्ये कुणाचं तरी असावं लागतं. मी ब्राझीलचा. ब्राझील स्वित्झर्लंडला हरवून आधीच पुढं गेलेलं, म्हणून त्या रात्री मी तटस्थ ठरलो. तटस्थ माणसाच्या हातात लोक पेन देतात, हे मला तेव्हा कळलं.

अण्णा जर्मनीचे. १९९० च्या फायनलला ब्रेमेनं शेवटी शेवटी पेनल्टी मारली आणि मॅराडोना रडला, तेव्हापासूनचे. मी ब्राझीलचा असल्यानं मला ते हाक मारतानाच 'या सात-एक' म्हणतात. २०१४ ला जर्मनीनं ब्राझीलला ७-१ नं हरवलं, त्याची जखम आहे ती, तिच्यावर मीठ चोळायचा परवाना फक्त अण्णांकडे आहे. त्यांचे जावई सांगलीचे आणि स्पेनचे. बायकोला माहेरी आणायला म्हणून आलेले, ते नेमके ई गटाच्या शेवटच्या सामन्यांच्या रात्री. योगायोग कसला, लेकीनंच सांगितलं की तारीख ह्यांनी कॅलेंडर बघून काढली होती. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार. जावई आला आणि तांबडा-पांढरा नाही, हे दुःख दोघांनी पुरणपोळीवर गिळलं आणि रात्री बाराला मंडळाच्या खोलीत आले.

जपानच्या बाजूनं एकटा माझा पुतण्या होता, तोही जपानी कार्टून बघून. कोस्टारिकाच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

"हे कोस्टारिका आलं कुठं?"

"पनामाच्या शेजारी."

"पनामा म्हंजे सिगारेट?"

"गप की मर्दा, जर्मनीला फोडून खातंय का बघ आता."

परिस्थिती अशी होती. गटात चार देश, पुढं जाणार पहिले दोन. स्पेननं कोस्टारिकाला ७-० चेचलेलं. जपाननं जर्मनीला २-१ हरवलेलं. ह्या सामन्याआधी जर्मनीच्या खेळाडूंनी निषेध म्हणून फोटोत तोंडावर हात ठेवले होते, सामन्यानंतर अण्णांनी डोक्यावर ठेवले. मग त्याच जपानला कोस्टारिकानं १-० नं गार केलं आणि स्पेन-जर्मनी १-१ सुटलं. म्हणजे स्पेन ४, जपान ३, कोस्टारिका ३, जर्मनी १. आता स्पेन-जपान आणि जर्मनी-कोस्टारिका, दोन्ही सामने एकाच वेळी, आपल्याकडे साडेबाराला.

कागद नव्हता. कपाटात गणपतीच्या वर्गणीची उरलेली पावती पुस्तकं होती. मी एक पावती उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर चार रकाने आखले.

"बोला खजिनदार," अण्णा म्हणाले, "जर्मनीचं काय करायचं?"

"तुम्ही जिंकायचं."

"ते तर जिंकणारच. म्होरं?"

"म्होरं जावईबापूंच्या हातात आहे. स्पेन जिंकलं की तुम्ही पुढं. स्पेन-जपान बरोबरी झाली तर तुम्ही दोन गोलांनी जिंकायचं. एकाच गोलानं जिंकलात तर मारलेले गोल मोजायचे."

"आणि जपान जिंकलं तर?"

मी पावतीवर आकडे केले. पुन्हा केले. "तर आठ गोलांनी."

खोलीत कुणीतरी हसलं. अण्णांनी मान वळवून जावयाकडे बघितलं. लग्न ठरवताना मुलाचा पगार ऐकून बघितलं होतं तसंच. सासऱ्यानं जावयाच्या जिवावर जगायचं म्हणजे काय, हे त्या एका नजरेत होतं.

"चहा घ्या जावईबापू," अण्णा म्हणाले. एरवी ते 'चहा दे रे त्यांना' म्हणतात.

मध्येच पुतण्यानं विचारलं, की काका, दोन्ही मॅच एकदमच का ठेवतात, एकेक बघता आली असती. प्रश्न रास्त होता, पण जागा चुकली. मी सांगून टाकलं. १९८२, स्पेनमधलं खिखोन शहर. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. जर्मनी एका गोलानं जिंकली की दोघंही पुढं जाणार हे आधीच ठाऊक, कारण अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशी होऊन गेलेला. दहाव्या मिनिटाला ऱ्हुबेशनं गोल केला आणि पुढं ऐंशी मिनिटं दोन्ही टीमा चेंडू इकडून तिकडं ढकलत बसल्या. जर्मनीला हरवलेला अल्जीरिया बाहेर गेला. १९८६ पासून गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी लावतात.

"जर्मनीनं केलं असं?" पुतण्या म्हणाला.

अण्णांनी छताकडं बघत उत्तर दिलं, "तवा आमच्यात टीव्ही न्हवता."

आता खरी अडचण. मंडळात टीव्ही एक. अण्णांच्या वयाचा मान म्हणून त्याच्यावर जर्मनी लागली. जावयांनी स्पेनचा सामना मोबाइलवर लावला, आणि मोबाइलला रिकाम्या डब्याचा टेकू दिला. मोबाइलवरचं चित्र टीव्हीच्या मागं धावतं. अर्धं-पाऊण मिनिट मागं. त्यात समोरच्या गल्लीतल्या मंडळानं पडदा बांधून स्पेन-जपान लावलेलं. त्यामुळे जावयांच्या मोबाइलवर जपानचा गोलकीपर निवांत चेंडू लाथाडत असायचा आणि समोरून आरोळी यायची. मग सगळे मोबाइलभोवती वाकून 'आता काय होणार' ते बघायचे. भविष्य कळलेलं, फक्त कुणाचं ते ठाऊक नाही. ज्योतिषाकडे हेच होतं, पण तो शंभर रुपये घेतो.

दहाव्या मिनिटाला टीव्हीवर न्याब्रीनं डोकं लावलं, जर्मनी १-०. अकराव्याला समोरून आरोळी, आणि थोड्या वेळानं मोबाइलवर मोराटाचं हेडर. स्पेन १-०. अण्णा आणि जावई एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्या पावतीवर सगळं स्वच्छ: स्पेन ७, जर्मनी ४, बाकी घरी. हाफ टाइमला अण्णांनी जावयाला विचारलं, नोकरी कशी चाललीय. लग्नाला चार वर्षं झाली होती.

हाफ टाइमनंतरच्या त्या मिनिटांत मी जे लिहिलं आणि खोडलं, तेवढं मी पतसंस्थेत मार्च अखेरीलाही लिहीत नाही. ४८ व्या मिनिटाला समोरून आरोळी. दोआननं लांबून हाणलेला चेंडू, १-१. मी हिशेब मांडला आणि थबकलो. जपान: ४ गुण, ३ मारले, ३ खाल्ले. जर्मनी: ४ गुण, ३ मारले, ३ खाल्ले. मला वाटलं मी एकच ओळ दोनदा लिहिली. अण्णांनी चष्मा काढून पावती डोळ्यांजवळ नेली.

"म्हंजे बरोबरी?"

"मग एकमेकांतली मॅच बघायची. ती जपाननं जिंकलीय."

"पण आम्ही आघाडीवर आहोत की!"

"तिकडं आहात, अण्णा. इकडं नाही."

ही पावती पुरती वाळली नाही तोवर ५१ वं मिनिट. समोर आरोळी उठली, मग गप्प, मग भांडण. मोबाइलवर काय होणार कळेना. अखेर दिसलं: चेंडू गोललाइनच्या टोकाला बाहेर चाललेला, मितोमानं पळत येऊन आत ओढला आणि तानाकानं गुडघ्यानं ढकलला. बाहेर गेला होता की नव्हता? पंचांनी व्हिडिओवाल्यांना विचारलं, आणि इकडं आमच्या खोलीत कॅरम बोर्ड खाली आला.

कॅरम खेळणाऱ्या माणसाला रेषा कशाला म्हणतात ते कुणी शिकवू नये, असं आमच्या मंडळाचं मत आहे. चहाच्या टपरीवरून एक लिंबू आणलं. बेसलाइनवर ठेवलं. एकजण बोर्डाला हनुवटी टेकवून आडवा झाला आणि ओरडला, "बाहेर! सरळ बाहेर!" दुसरा स्टुलावर चढून वरून बघत म्हणाला, "कड रेषेवर आलीया, आत हाय." नियम असा आहे, की अख्खा चेंडू अख्ख्या रेषेपलीकडं गेला तरच बाहेर. जमिनीला टेकलेला भाग कुठंही असो, पोटाचा घेर रेषेवर लोंबत असेल तर चेंडू आत. घेराचं हे तत्त्व आमच्यातल्या दोघा-तिघांना स्वतःकडे बघून लगेच पटलं. त्या रात्री चेंडूचा एक-दोन मिलिमीटरचा काठ रेषेवर होता, आणि वरून काढलेल्या फोटोत तो दुसऱ्या दिवशी जगानं बघितला. आमच्याकडे मात्र लिंबू गडगडत कॅरमच्या भोकात गेलं.

"फाऊल," स्टुलावरचा म्हणाला.

गोल दिला. जपान २-१. अण्णांचा आठ गोलांचा हिशेब चालू झाला. मी त्यांना सांगू नये ते सांगितलं, की ७-० झालं तर गुण, गोलफरक, मारलेले गोल, एकमेकांतली मॅच, सगळं स्पेनशी सारखं होतंय. मग पिवळी कार्डं मोजायची.

"मोज की मग!"

"अण्णा, अजून १-० आहे."

अण्णांना जास्त लागलं ते वेगळंच. पुतण्यानं फोनवर बघून सांगितलं की दोआन फ्रायबुर्गकडं खेळतो. जर्मनीला गोल घालणारा असानो बोखुमकडं, आणि तानाका ड्युसेलडॉर्फकडं. तिघेही जर्मनीत पगारावर. अण्णा काही बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "जेवाय घालतो आपण."

५८ व्या मिनिटाला कोस्टारिकाचा तेहेदा. १-१. जर्मनीच्या सामन्याला स्टेफनी फ्रापार पंच होत्या, पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये शिट्टी मारणाऱ्या पहिल्या बाई. गुरुवारची पूजा उरकून प्रसादाचं ताट घेऊन आलेल्या आक्का दारातच थांबल्या. "बाई शिट्टी मारतीया आणि बावीस गडी गप्प. आमच्या घरात एक गप्प बसंना." आणि ताट ठेवून निघून गेल्या. त्या रात्रीचं एकच वाक्य असं, की ज्याला कुणी उलट उत्तर दिलं नाही.

आणि मग ७० वं मिनिट. चेंडू जर्मनीचा गोलकीपर नॉयरच्या अंगाला लागून आत. कोस्टारिका २, जर्मनी १.

मी पावती बदलली. जपान ६. कोस्टारिका ६. स्पेन ४. जर्मनी १. आकडे लिहिले, आणि मोठ्यानं वाचताना माझाच आवाज अडकला. "जावईबापू... तुम्हीपण गेलात."

मंडळाच्या खोलीत इतकी शांतता मी फक्त वर्गणी मागताना अनुभवली आहे.

दुसऱ्या सामन्यात स्पेनजवळ चेंडू होता. चेंडू त्यांच्याजवळच असतो, आयुष्यभर. पण त्यातून काही निघत नव्हतं. ७-० नं जिंकून आलेल्या स्पेनला आता जर्मनीनं एक गोल मारणं गरजेचं होतं. जावई पाटावरून उठले, अण्णांच्या समोर बसले, दोन्ही हात धरले.

"मामा, काहीतरी करा."

"करतो की," अण्णा म्हणाले. बसलेल्या जागी ते ताठ झाले. दहा मिनिटांपूर्वी जावयाला 'एक मारा की ओ' म्हणणारा माणूस. "थांबा. आपली माणसं आहेत."

तीन मिनिटं. स्पेन आणि जर्मनी दोघं वर्ल्ड कपच्या बाहेर उभे होते आणि एकमेकांच्या दाराची कडी वाजवत होते. ७३ व्या मिनिटाला हावेर्ट्झ. २-२. जावई खरोखर अण्णांच्या पाया पडले. लग्नातसुद्धा अर्धवटच वाकले होते, असं आक्का नंतर म्हणाल्या.

पुढं हावेर्ट्झनं आणखी एक मारला, मग फ्युलक्रुगनं. जर्मनी ४-२. स्पेन १-२. जिंकलेला सासरा घरी, हरलेला जावई पुढं. पुतण्या खोलीभर नाचला, तेव्हा त्याला कुणी हाणलं नाही एवढंच. अडीचला आम्ही गंगावेशीत दूध प्यायला गेलो, तिथं गवळी विचारतो, कोण जिंकलं? चौघांनी चार उत्तरं दिली आणि चारही बरोबर होती.

पाच दिवसांनी मोरोक्कोनं स्पेनला पेनल्टीवर ३-० नं घालवलं. स्पेनची एकही पेनल्टी आत गेली नाही. अण्णांनी सांगलीला फोन लावला, तिकडून उचलेनात. तिसऱ्यांदा लेकीनं उचलला. "काय न्हाई," अण्णा म्हणाले, "जावईबापू जेवले का विचारायचं होतं."

जानेवारीत मंडळाची सभा झाली. हिशेब तपासायला बसलेल्या काकांनी पावती पुस्तक उलटं-पालटं केलं आणि एक पान वर धरलं.

"खजिनदार, हे जपान ६ जमा, स्पेन ४ जमा. ही कुठली वर्गणी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "जर्मनीचे ४ बी लिवलेत का बघा. लिवले असले तर येणे बाकी दाखवा."